नोकरीवरून काढलं होतं, हे नव्या ठिकाणी कसं सांगायचं?

ज्यांच्याकडं इअरफोन नाही, नेट पुरत नाही किंवा जे गर्दीच्या एसटीत उभे आहेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जसं आलं, जवळपास तसंच ठेवलंय. मुद्दे मोठे आहेत म्हणून मधे मथळे टाकलेत.

आजचा विषय आपल्या बीड जिल्ह्यातल्या पोरापोरींच्या ओळखीचा आहे, पण त्यावर कुणी मोकळं बोलत नाही. वाळूज, चाकण, रांजणगाव नाहीतर पुण्यातल्या एखाद्या गोडाऊनमध्ये नोकरी लागली. वर्ष-दीड वर्षात कंपनीनं काढून टाकलं. गावी सांगितलं, "मीच सोडली." आता नवीन ठिकाणी मुलाखत आहे, आणि समोरचा विचारणार, "आधीची नोकरी का सोडली?" रात्रभर झोप नाही. खरं सांगितलं तर घेणार नाहीत, खोटं सांगितलं तर पुढं कधीतरी सापडू, ही भीती.

तर आज तेच बघू. काय सांगायचं, किती सांगायचं, कुठं अजिबात खोटं बोलायचं नाही, आणि कोणते कागद हातात ठेवायचे.

आधी शब्द नीट समजून घ्या

बरेच जण "मला काढलं" म्हणतात, पण नेमकं काय झालं ते त्यांनाच माहीत नसतं. आणि शब्द चुकला की उत्तर चुकतं.

आठवतोय का २०२१ चा एसटीचा संप? ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला, दिवाळीत सगळीकडं पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, आष्टी, सगळीकडच्या गाड्या थांबल्या होत्या. त्या काळात रोज बातम्यांत तीन शब्द यायचे: निलंबन, सेवासमाप्ती आणि बडतर्फी. आपण तिन्ही एकाच अर्थानं ऐकत होतो. पण ते वेगळे आहेत.

निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला ठेवणं. नोकरी गेलेली नसते. सेवासमाप्ती म्हणजे सेवा संपवणं. त्या संपात हा शब्द मुख्यतः रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ऐकू आला. बडतर्फी म्हणजे शिक्षा म्हणून नोकरीतून काढणं.

पुढं काय झालं तेही लक्षात ठेवा. ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायची मुदत दिली आणि त्यांची रोजीरोटी हिरावू नका अशी भूमिका घेतली. हजारो बडतर्फ लोक परत स्टेअरिंगवर बसले, परत तिकीट फाडायला लागले. म्हणजे बडतर्फीचा कागद हातात पडला तरी तो शेवटचा कागद असतोच असं नाही.

सरकारी नोकरीत आणखी एक बारीक फरक आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये शिक्षांची यादी आहे. त्यात "सेवेतून काढून टाकणे" आणि "सेवेतून बडतर्फ करणे" या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलं असेल तर तेवढ्यामुळं पुढच्या सरकारी नोकरीला माणूस अपात्र ठरत नाही. बडतर्फ केलं असेल तर सर्वसाधारणपणे ठरतो. घरी ओळख असलेला कुणी सरकारी खात्यातून गेला असेल, तर त्याच्या आदेशात नेमका कोणता शब्द आहे हे आधी वाचा. आख्खं भविष्य त्या एका शब्दावर आहे.

तुम्हाला खरंच "काढलं" होतं का?

आता खासगीकडं येऊ. इथं निम्म्या लोकांचा घोळ हाच असतो की, काढलेलंच नसतं आणि ते "मला काढलं" म्हणून मान खाली घालतात.

ट्रेनी किंवा अप्रेंटिस म्हणून घेतलं होतं आणि मुदत संपली? ती मुदत संपली, काढलं नाही. "मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने"त सहा महिने होता, नंतर वाढवून अकरा महिने झाले, आणि मग घरी बसलात? तेही काढणं नाही. प्रशिक्षणाचा काळ पूर्ण झाला, एवढंच सांगायचं.

ठेकेदारामार्फत होता आणि ठेकेदाराचं काँट्रॅक्ट गेलं? "ठेका संपला" म्हणा. ऑर्डर कमी झाली म्हणून पूर्ण शिफ्ट बंद केली? त्याला कपात म्हणतात, कामगार कायद्याच्या भाषेत छाटणी. त्यात तुमच्या वागणुकीचा काही संबंध नाही.

आणि संस्थाच बुडाली तर? आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचे पैसे अडकले, पुढं गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या. अशा संस्थेत काउंटरवर, वसुलीला, क्लार्क म्हणून बसलेल्या पोराला नवीन बँकेत, फायनान्स कंपनीत संस्थेचं नाव सांगायलाच लाज वाटते. पण नाव लपवू नका. "मी अमुक शाखेत कॅशियर होतो, संस्थेचे व्यवहार थांबले तेव्हा नोकरी गेली. माझ्यावर कोणतीही तक्रार किंवा गुन्हा नाही." दोन वाक्यं, संपला विषय. यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तर ते न विचारता सांगा, कारण समोरच्याच्या मनात तोच प्रश्न असतो.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या. आयडी ब्लॉक झाली तर ती कामावरून गेल्यासारखीच गोष्ट आहे. कारण काय दाखवलं होतं त्याचा मेसेज, स्क्रीनशॉट जपून ठेवा.

लपवलं तर चालतं का?

चला, खरा प्रश्न. सरळ सांगतो: एका दिवसासाठी चालतं, नोकरीसाठी चालत नाही.

कारण एक, पीएफ. तुमचा यूएएन १२ आकडी असतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. कुठं कधी लागलात, कधी सुटलात, हे सेवा इतिहासात दिसतं. नवीन कंपनी यूएएन मागतेच. बायोडेटात तुम्ही "डिसेंबरपर्यंत होतो" लिहिलं आणि रेकॉर्डमध्ये ऑगस्ट असेल, तर प्रश्न काढल्याचा राहत नाही, खोटेपणाचा होतो.

कारण दोन, फोन. वाळूजमधला एचआर चाकणच्या एचआरला ओळखत असतो. मोठ्या कंपन्या पडताळणीचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात. ते जुन्या कंपनीला विचारतात: हा माणूस होता का, आणि परत घ्याल का.

कारण तीन, सही. जॉइनिंगच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात असतं की, "वरील माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल." म्हणजे दोन वर्षं छान काम केल्यानंतरही त्या एका ओळीवर तुम्हाला घरी पाठवता येतं. तेव्हा लग्न झालेलं असतं, गाडीचा हप्ता चालू असतो. आज खरं बोलून एक नोकरी हुकेल, पण खोटं बोललात तर लागलेली नोकरी रोज धोक्यात असते.

मित्राच्या फर्मचं बनावट अनुभव प्रमाणपत्र घेऊन गॅप भरायचा सल्ला कुणी देत असेल तर त्याला दोन्ही हात जोडा. ते नुसतं खोटं नाही, बनावट कागद वापरणं हा गुन्हा आहे.

मग न विचारता सांगायचं का?

नाही. इथं एक साधी रेघ ओढून घ्या.

बायोडेटात "मला काढलं" असं लिहायची गरज नाही. तिथं कंपनी, काम, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच. तारखा मात्र खऱ्या. मुलाखतीत कुणी विचारलंच नाही तर स्वतःहून रडगाणं सुरू करायचं नाही.

पण थेट विचारलं, तोंडी असो की फॉर्मवर, तर उत्तर खरं. फॉर्मवर "यापूर्वी नोकरीतून कमी केले आहे का?" असा रकाना असेल तर "हो" लिहा आणि शेजारी दोन शब्द: "होय, गैरहजेरीमुळे. समक्ष सांगेन." रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना वाचणारा माणूस तो स्वतःच्या मनानं भरतो.

उत्तर चार वाक्यांत बसवा

लांबलेलं उत्तर संशय वाढवतं. चार वाक्यं पुरतात:

१. काय झालं, एका वाक्यात.
२. त्यात माझं काय चुकलं.
३. त्यानंतर मी काय केलं.
४. आता ते परत का होणार नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. घरी म्हातारी आजी, जनावरं, शाळेतली बहीण. पोरगं कंपनीत. आजी आजारी पडली की हा न सांगता गावी. तीनदा झालं, चौथ्यांदा कंपनीनं कमी केलं. हे समजा तुम्ही आहात. मुलाखतीत असं होईल:

"आधीची कंपनी का सोडली?"

"सर, मी सोडली नाही, मला कमी केलं. घरचे ऊसतोडीला गेले होते, आजी आजारी होती, म्हणून माझ्या रजा झाल्या आणि मी त्या कळवून घेतल्या नाहीत, ते माझं चुकलं. त्यानंतर आठ महिने मी माजलगावात एका हार्डवेअरच्या दुकानात आहे, तिथं न सांगता एकही सुट्टी नाही, मालकांशी तुम्ही बोलू शकता. आता आजीजवळ काकू राहतात, त्यामुळं मी इथं रूम करून राहणार आहे."

बघा, यात रडणं नाही, सुपरवायझरला शिव्या नाहीत. आणि समोरच्याला हवी असलेली गोष्ट आहे: हा माणूस परत तसं करेल का, याचं उत्तर.

दुसरं उदाहरण, टार्गेट पूर्ण न झाल्यामुळं गेलेली नोकरी. फायनान्स, विमा, कॉल सेंटरवाल्यांसाठी:

"मॅडम, माझं तीन महिने टार्गेट झालं नाही म्हणून मला कमी केलं. मला विक्री जमत नाही हे तिथं कळलं, पण हिशोब आणि नोंदी माझ्या कधी चुकल्या नाहीत. मधल्या काळात मी टॅली शिकले. म्हणून मी इथं विक्रीला नाही, अकाउंटला अर्ज केलाय."

काही जण म्हणतील, "पण माझी खरंच काही चूक नव्हती!" मग दुसरं वाक्य बदला. चूक कबूल करायचं नाटक करू नका. "माझं म्हणणं वेगळं होतं, ते मी लेखी दिलंय. कंपनीनं त्यांचा निर्णय घेतला." एवढं शांतपणे. कामगार न्यायालयात वाद चालू असेल तर तेही तसंच सांगा: "प्रकरण चालू आहे, त्यामुळं तपशिलात जात नाही." युनियन, संप यामुळं गेलेल्यांनीही हेच करावं. समोरच्याला युनियन आवडते की नाही यावर तिथं वाद घालत बसू नका.

अवघड प्रकरण: चोरी, मारामारी, पैशाचा आरोप

हे टाळून चालणार नाही. भांडणात हात उचलला म्हणून गेला असाल, तर ते सांगणं जड आहे, पण जमतं. "शिफ्टमध्ये भांडण झालं, मीही हात उचलला, दोघांनाही काढलं. त्याला तीन वर्षं झाली, त्यानंतर दोन ठिकाणी काम केलं, दोन्हीकडं माझ्याबद्दल विचारा." इथं काळ तुमच्या बाजूनं असतो. घटना जितकी जुनी आणि त्यानंतरचं काम जितकं चांगलं, तितकं उत्तर सोपं.

चोरीचा किंवा अफरातफरीचा आरोप असेल तर तीन गोष्टी वेगळ्या करा. नुसता संशय होता? कंपनीनं चौकशी करून निष्कर्ष काढला? की पोलिसांत गुन्हा दाखल झाला? तिन्हींचं उत्तर वेगळं. गुन्हा दाखल नसेल तर "गुन्हा नाही" हे सांगा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत जवळ ठेवा. केस चालू असेल आणि फॉर्ममध्ये विचारलं असेल तर लिहावंच लागेल. आणि एक व्यवहाराची गोष्ट: कॅश, स्टोअर, सोनं हाताळायच्या नोकऱ्यांत अशा वेळी लगेच दार उघडणार नाही. आधी मशीनवर, ड्रायव्हिंगवर, साइटवर वर्ष-दोन वर्षं काढा. नवीन नाव तिथं तयार होतं.

पोलीस भरती, तलाठी, सरळसेवा करणाऱ्यांसाठी

अभ्यासिकेत बसलेल्या मंडळींनो, इकडं लक्ष द्या. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो, चारित्र्य पडताळणी होते. तिथं जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल यासाठी माहीत पाहिजे. तो होता गुन्ह्याची, अटकेची माहिती लपवण्याबद्दल. न्यायालयानं सांगितलं की उमेदवारानं दिलेली माहिती खरी हवी, लपवाछपवी नको. पण हेही सांगितलं की फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट हवा. जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं धरता येत नाही. आणि किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारा अधिकारी सगळं बघून निर्णय घेऊ शकतो. खरं सांगितलं म्हणजे नोकरी नक्की मिळेल असं नाही. पण खोटं सापडलं तर आधी किरकोळ असलेलं प्रकरणही भारी होऊन बसतं.

हातात हे कागद ठेवा

बोलणं तुमचं, पण वजन कागदाचं.

नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्राचा फोटो. काढल्याचं पत्र दिलं असेल तर ते फाडू नका, रागात सुद्धा. "उद्यापासून येऊ नको" असं तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर साधं विचारा: "सर, मला आजपासून कामावर घेतलं जाणार नाही असं सांगण्यात आलं. कृपया लेखी कळवावे." उत्तर आलं नाही तरी तुमचा मेसेज तारखेसह राहतो.

सेवा प्रमाणपत्र मागा. मोठ्या कारखान्यांना लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये कायम कामगाराला काढलं तरी सेवा प्रमाणपत्राचा हक्क दिलेला होता. "काढलेल्याला अनुभव प्रमाणपत्र नसतं" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका, लेखी अर्ज द्या.

पगार अडकू देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. वेतन संहितेप्रमाणं काढलं असो, कपात असो की राजीनामा, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. काढणं चुकीचं वाटत असेल तर वादासाठीही मुदत असते: आधी तीन वर्षं होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोन आहे. बघू, करू म्हणत बसू नका.

आणि पीएफ. काढलं म्हणून पीएफ बुडत नाही, तो तुमचा पैसा आहे. कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ईपीएफओच्या पोर्टलवर ती टाकू शकता. तारीख खरीच टाका.

एक ओळखीचा माणूसही ठेवा. एचआर नाही बोलला तरी लाइन लीडर, शिफ्ट इन्चार्ज, स्टोअरवाले काका, कुणीतरी असतंच जे म्हणेल, "पोरगं कामाला चांगलं होतं." त्यांना आधी फोन करून विचारा, मगच त्यांचा नंबर द्या.

घरी काय सांगायचं?

हे कुणी विचारत नाही, पण खरी अडचण इथंच आहे. गावी "मीच सोडली" सांगितलेलं असतं, म्हणून मुलाखतीतही तेच तोंडातून निघतं. घरात निदान एका माणसाला खरं सांगा. थोरला भाऊ, ताई, मामा, जो ओरडेल पण ऐकेल. एकदा घरात बोलून झालं की एचआरसमोर आवाज कापत नाही.

मग त्याच माणसाला समोर बसवा आणि वरची चार वाक्यं तीनदा म्हणून दाखवा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पाऊण मिनिटाच्या वर गेलं तर कापा. शेवटच्या वाक्यानंतर गप्प बसा. समोरचा गप्प राहिला म्हणून तुम्ही आणखी बोलत सुटू नका. पुढचा प्रश्न त्याला विचारू द्या.

आजच्यासाठी एवढंच. उद्या मुलाखत असलेला मित्र असेल तर त्याला हे आज रात्रीच पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये बघू, ठेकेदारानं पीएफ कापला पण भरलाच नाही, तर तक्रार कुठं आणि कशी करायची. भेटू मंडळी!